आमसुलाची बरणी

काशीला आलं की आपली एखादी आवडती खायची वस्तू कायमची सोडायची असते. आमच्याकडे उतरणाऱ्या कोकणातल्या यात्रेकरूंना हे ठाऊक असायचं आणि त्यातून पळवाट कशी काढायची हेही. कितीतरी धट्टेकट्टे गृहस्थ रामघाटावर गंगेत उभं राहून, छातीवर दगड ठेवल्यासारखा चेहरा करून, कारलं सोडत. कुणी दुधी सोडी. माझे वडील त्यांचे उपाध्याय. संकल्प सांगता सांगता ते थांबत आणि म्हणत, देव काही दूधखुळा नाही. आंबा सोडणारा मी तरी एकच पाहिला आणि गावी गेल्यावर तो टिकला असेल असं मला वाटत नाही.

आम्ही काशीतच राहणारे, त्यामुळे आम्हाला काही सोडावं लागत नसे. उलट मिळतच असे. यात्रेकरू येताना मेतकूट आणत, पोह्याचे पापड आणत, पण आईचा डोळा असे तो आमसुलाच्या पुडीवर. काशीच्या बाजारात सगळं मिळे, आमसूल मिळत नसे. आई लहानपणी लग्न होऊन इथे आली ती पुन्हा कोकणात गेलीच नाही. तिचं माहेर म्हणजे ती आमसुलाची बरणी. कधीकधी काही करायचं नसतानाही ती बरणी उघडून नुसता वास घेई आणि आम्ही बघतोय असं दिसलं की उगीच रागावे.

मग ती तापाची साथ आली. यात्रेकरू तिला मानमोडी म्हणत. त्याच दिवसांत कोकणातले एक गृहस्थ आमच्या वरच्या मजल्यावर उतरले होते. त्यांना ताप भरला तसे बरोबरचे लोक भिऊन दुसरीकडे गेले. आईने त्यांचं सगळं केलं. शेवटी शेवटी त्यांनी आमसुलाचं सार मागितलं. बरणीत तळाशी होतं नव्हतं ते काढून आईने सार केलं. ते दोन घोट प्याले आणि दुसऱ्या दिवशी गेले. क्रियाकर्म वडिलांनीच केलं.

त्या वर्षी कुठल्या घरातली माणसं गेली नाहीत? पण त्या गृहस्थांच्या मुलखात नाव झालं ते आमच्या घराचं. रामघाटावरच्या त्या घरात माणूस दगावला, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

साथ ओसरली, गाड्या पुन्हा भरून येऊ लागल्या, पण यात्राच बदलली होती. पूर्वी माणसं महिना महिना राहत. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे हेही आईला माहीत असे. आता पार्ट्या येऊ लागल्या. पार्टीचा एक मॅनेजर, पार्टीचा स्वतःचा आचारी, मुक्काम स्टेशनजवळच्या नव्या धर्मशाळेत. शिंदे घाट, संकठा घाट नावेतूनच बोटाने दाखवायचे, रामघाटावर उतरून विधी उरकायचे आणि परत. बाहेर कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा नियम. वडिलांचं काम चालू राहिलं, कारण त्या वर्षांत श्राद्धं काही कमी नव्हती. पण आईच्या हातचं जेवायला कुणी येईना.

वडिलांनी ठरवलं, शिवरात्रीपर्यंत वाट पाहायची, नाहीतर वरचा मजला एका साडीवाल्या व्यापाऱ्याला माल ठेवायला द्यायचा. आई फक्त बरं म्हणाली. मात्र रोज जास्तीचा भात टाकायचं तिने सोडलं नाही. दुपारपर्यंत कुणी आलं नाही की तो ती घाटावरच्या नाववाल्यांना देई. आमच्या आमटीत आता अमचूर पडू लागला होता. त्याबद्दल कुरकुर करायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी मनापासून करत असे. आईने कधी तक्रार केली नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटे.

शिवरात्र जवळ आली असताना एका सकाळी वडील घाटावरून एका बाईंना घरी घेऊन आले. त्या लाल अलवणातल्या बाई एका पार्टीबरोबर आल्या होत्या. आमच्या घरी गेलेल्या त्या गृहस्थांची मी बायको, असं त्यांनी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा उतरला. ही बाई एक ना एक दिवस येणार आणि मला बोल लावणार, अशी तिला धास्ती होती.

बाईंनी ती खोली पाहायला मागितली. वर जाऊन त्या जमिनीवर बसल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि मग विचारलं, शेवटी त्यांच्या पोटात काही गेलं होतं का?

आईने सार सांगितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "पतलं झालं होतं हो. आमसूल खतम होत आलं होतं."

 बाईंनी गाठोडं सोडून एक पुडी काढली. उघडायच्या आधीच वास आला.

"दर उन्हाळ्यात आम्ही दोघं मिळून हे आमसूल वाळवायचो," त्या म्हणाल्या. "ते गेल्यापासून घशाखाली उतरत नाही. उद्या गंगेत हेच सोडायचं ठरवून आल्ये." त्यांनी पुडी आईच्या हातात दिली. "वहिनी, त्यांना केलंत तसं मला करून द्या. पातळच करा."

खालून मॅनेजर हाका मारत होता. बाईंनी खिडकीतून त्याला सांगितलं की आजचा दिवस मी इथेच राहणार, उद्या घाटावर भेटेन. तो नियम सांगू लागला. बाईंनी खिडकी लावून घेतली.

आईने चुलीवर सार ठेवलं, पातळच. बाई त्याच खोलीत बसून सार प्याल्या, रडत रडत, वाटीवर वाटी. आई रडली, मीही रडले. त्या दिवशीचा भात नाववाल्यांना मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी गंगेत उभं करून वडिलांनी बाईंना विचारलं, काय सोडता?

"दुधी," बाई ठामपणे म्हणाल्या.

वडिलांनी नेहमीचं बोलायला तोंड उघडलं, पायरीवर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं आणि मुकाट्याने पुढचा संकल्प सांगितला. आई तोंडाला पदर लावून हसत होती. साथ आल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शिवरात्र झाली. व्यापारी विचारायला आला, तर वडील त्याला आणखी थोडं थांबा म्हणाले. पूर्वीची गर्दी काही परत आली नाही. पार्ट्या आल्या त्या कायमच्याच. पण पुढच्या थंडीत एके दुपारी धर्मशाळा ओलांडून एक कुटुंब गल्लीतून चालत आलं. पुढे एक म्हातारी होती. ती त्या बाईंच्या गावची. ज्या घरी सार मिळतं ते हेच का, असं तिने दारातूनच विचारलं आणि पुडी पुढे केली.

आईने पुडी घेतली, पायांवर घ्यायला पाणी दिलं आणि पानं मांडायला आत गेली. भात जास्तीचा होताच.