भिंतीला टेकलेले पाय

वहिनी, मी पहिल्यांदा इंग्लंडला निघाले तेव्हा अकोले स्टँडवर आई तासभर उभी होती. चिखलात रोपं लावत भाताची आवणी आदल्याच दिवशी उरकलेली, पोटऱ्या सुजलेल्या, शेजारी बाकडं रिकामं. मी तीनदा म्हटलं, बस गं जरा. "तू जा, मंग बसते," म्हणाली. एसटी वळली तरी उभीच होती.

इथे इंग्लंडात नर्सची बारा तासांची ड्युटी संपली की अंगात काही म्हणून उरत नाही, मनही मरगळतं. आमच्या फिजिओबाईंनी एक सोपं आसन शिकवलं. कंबरेखाली घडीचा टॉवेल, पाय सरळ वर भिंतीला, डोळे मिटून सावकाश श्वास सोडायचा. दहा मिनिटांत मी माणसात येते. पहिल्याच दिवशी आईच्या पोटऱ्या आठवल्या. महिनाभर तिला व्हिडिओ कॉलवर शिकवलं, पण ऐकेल तर शपथ! दर वेळी शेण, दूध, चूल, काहीतरी निघायचंच.

मग तू काय केलंस? फोन बाजूला ठेवलास, गोधडी अंथरलीस आणि आधी स्वतःच आडवी झालीस. आई मुकाट तुझ्या शेजारी! तेव्हापासून तुमच्या चार वाजता कॉल केला की ऐकू येतं, "आत्ता नको गं, पाय वर हायेत." आसन मी शिकवलेलं, आई माझी, आणि शेजारची जागा तुझी. खरं सांगते, जळफळाट झाला माझा.

यंदा रजेवर आले तर पडवीच्या भिंतीवर टाचांचे डाग, दोन जोड्या. याच भिंतीला पाय लावले म्हणून लहानपणी मी धपाटे खाल्लेत. तुझा टॉवेल सरकलेला दिसला आणि मी लगेच मास्तरीण झाले. आई डोळे न उघडता म्हणाली, "राहू दे, तिला येतंय." मी चहा ठेवायला उठले. साखरेचा डबा कुठे असतो, तेही मला माहीत नव्हतं.

परत निघाले तेव्हा तोच स्टँड. आई आल्या आल्या बाकड्यावर टेकली, चपला काढल्या, तुझ्या खांद्याला रेलली. बसूनच माझा हात धरला. "जा आता. मी बसलीय न्हवं."

घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढं बाकडं. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं, आईनं बसावं. तरी खिडकीतून तुम्हा दोघींकडे बघताना मनात एकच होतं, सरक ना गं वहिनी, तिथे मी बसणार होते.