भिंतीकडे तोंड केलेले फर्मे

ताईच्या बुटांच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत फळ्याच फळ्या, आणि फळ्यांवर लाकडी फर्मे. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाचा साचा. त्यावर चामडं ताणायचं आणि बूट शिवायचा. ताईचं गिऱ्हाईक सगळं अवघड पायांचं. कुणाच्या पायात रक्तच पोचत नाही, कुणाची जखम भरत नाही, कुणाची बोटं काढलेली. पाय बदलला की ताई फर्म्यावर चामड्याची पट्टी चिकटवायची, नाहीतर कानशीने घासून तो कमी करायची, आणि पेन्सिलीने तारीख टाकायची. गिऱ्हाईक वारलं तर फर्मा फेकायचा नाही. तो फिरवून ठेवायचा, तोंड भिंतीकडे. ही तिच्या वडिलांची रीत. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि हिने विचारलं नव्हतं.

त्यांतच तिच्या नवऱ्याचा जोड होता. नवरा बिचारा चाळीस पावलं चालला की कुठल्यातरी दुकानाच्या काचेसमोर उभा राहायचा. पोटऱ्या भरून यायच्या, पण सांगेल तर शपथ! घड्याळं बघतोय, भांडी बघतोय, असं दाखवायचा. ताई भर रस्त्यात चिडवायची, "अहो, घेऊन टाका एकदाचं ते दुकान!" लोक हसायचे, तोही हसायचा. एका सकाळी शटर वर करता करता त्याच्या छातीत कळ आली आणि तिथेच सगळं आटोपलं. त्या चेष्टेची ताईला लाज वाटायची. इतकी वर्षं झाली तरी वाटायची.

पुढे पायांच्या रक्तवाहिन्यांच्या रुग्णांनी एक छोटी संस्था काढली. अध्यक्ष व्हायला कुणी पुढे येईना, म्हणून ही झाली. शहरात दुसरी संस्था हृदयरोग्यांची, जुनी आणि तालेवार. तिचे अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना एक संशोधन करायचं होतं. चालताना ज्यांचे पाय दुखतात, त्यांच्यापैकी कुणाच्या हृदयाला धोका अगदी जवळ आलाय, हे पायाच्या साध्या तपासणीवरून आधी कळेल का? खर्च मोठा. दोन्ही संस्थांनी मिळून उचलला तरच काम सुरू होणार होतं.

आणि तिथेच तर घोडं अडलं! हेडमास्तर म्हणाले, "हृदय ते हृदय आणि पाय ते पाय. आमच्या देणगीदारांनी हृदयासाठी दिलंय." ताईच्या संस्थेतलेही काही शहाणे कुरकुरले, की मोठ्यांच्या पंगतीत आपल्याला कोण विचारतंय? तीन बैठका झाल्या, चहाचे कप तेवढे रिकामे झाले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं: शुक्रवारी सह्या झाल्या तर ठीक, नाहीतर हा विषय बंद.

गुरुवारी ताईचा धाकटा भाऊ दुकानात यायचा होता. ताईने सहज बाहेर पाहिलं, तर हा समोरच्या चष्म्यांच्या दुकानापाशी उभा. ह्याला चष्मा नाही. मग चार पावलं टाकली आणि पुन्हा उभा, ह्या वेळी पडद्यांच्या दुकानासमोर. ताईच्या हातातली चामडं टोचायची आरी तशीच राहिली.

"काय बघत होतास रे?" तो आत आल्या आल्या तिने विचारलं.

"काही नाही गं. पडदे."

"पोटऱ्या भरून येतात?"

भाऊ खाली बघायला लागला. "वय झालं, ताई."

"वय झालं म्हणे! तुझ्याहून सात वर्षांनी मोठी मी, मी काय इथे शोभेला बसलेय? उद्या माझ्याबरोबर रुग्णालयात यायचं. एक शब्द बोलू नकोस."

तो गेल्यावर ती भिंतीकडे तोंड केलेल्या फर्म्यांसमोर उभी राहिली. आजवर एकेक फिरवला होता, सगळे मिळून कधी बघितलेच नव्हते. आता एकेक खाली काढून ती आठवू लागली. हे काका छातीत कळ येऊन गेले. ह्या बाई छातीने. हा पोरगेला मास्तर, तोही छातीनेच. मग ती कामाला लागली. ज्यांच्या घरी फोन लागला त्यांना विचारलं, हो म्हणाले त्यांचेच जोड पोत्यात भरले, आणि फर्म्यांच्या तळव्यावर लिहिलेली गिऱ्हाइकांची नावं चिकटपट्टीने झाकली.

शुक्रवारी भावाला तपासणीला बसवून ती पोतं ओढत बैठकीत शिरली आणि टेबलावर एकेक जोड मांडायला लागली.

"ताई, हे काय प्रदर्शन?" हेडमास्तर वैतागले.

"प्रदर्शनच समजा, सर. ही सतरा माणसं माझ्याकडे पायासाठी आली होती. सगळी छातीने गेली. पहिला जोड माझ्या घरातला आहे."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ताई, हा पुरावा नाही होत."

"माहीत आहे. पुरावा तुम्ही काढा. मी फक्त प्रश्न आणलाय."

हेडमास्तर फर्म्यांवरून नजर फिरवत होते. एकाएकी त्यांनी विचारलं, "माझ्या बायकोचा जोड कुठाय?"

"दुकानात आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय कसा आणणार? काल तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत."

"तुमचा नंबर बघून नाही उचलला," हेडमास्तर म्हणाले. "पाच वर्षं ती पाय पाय करत होती. मी म्हणायचो, पायाने काही कुणी मरत नाही. शेवटी छातीनेच गेली."

"सर, त्या कुणाच्या रुग्ण होत्या? तुमच्या की आमच्या?"

हेडमास्तरांनी कागद ओढला, सही केली, आणि पेन ताईसमोर धरलं. "तिचाही जोड आणा इथे. अठरा होऊ देत."

बाहेर भाऊ बाकावर बसला होता. तपासणीत त्याच्या पायांना रक्त कमी पोचतंय असं निघालं होतं; संशोधनातलं पहिलं नाव त्याचं लागलं, औषधंही आजपासून सुरू. दोघं बसथांब्याकडे निघाली. कुलपांच्या दुकानापाशी तो थांबला आणि काचेत बघायला लागला.

ताईही थांबली. "कुलपं राहू दे. दुखतंय?"

"हो."

"कितव्यांदा थांबलास?"

"तिसऱ्यांदा."

"मोजत जा. डॉक्टरीणबाईंना खरा आकडा सांगायचा." तिने त्याचा दंड धरला. "ह्यांना मी एकदाही विचारलं नाही रे. नुसती हसले."

पोटऱ्या मोकळ्या होईपर्यंत दोघं तिथेच उभी राहिली.