थांबवून ठेवलेली पत्रिका

सौंसरच्या बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकान म्हणजे तीन कॉम्प्युटर, एक मोठा प्रिंटर आणि ‘मशीन खराब हाय का जी?’ असं विचारणारी गिऱ्हाइकं. मशीन जवळजवळ कधीच खराब नसते. लोकांना धीर नसतो. पेन ड्राइव्ह लावतात, प्रिंटचं बटण स्वतःच दाबतात, लगेच कागद आला नाही की पुन्हा दाबतात, आणि पुन्हा. मग एकाच कागदाच्या ढीगभर प्रती बाहेर पडल्या की माझ्याकडे असे पाहतात, जसं काही मीच त्यांना फसवलं. अशा वेळी मी भांडतो. आमचा भाग हिंदी राज्यात येतो, त्यामुळे शाळा माझी हिंदीतून झाली, फॉर्म दिवसभर हिंदीतून भरतो, पण भांडायला मला मराठीच लागते.

या भांडणात मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट समजावत आलोय. बटण दाबलं म्हणजे कागद थेट प्रिंटरकडे जात नाही. मधे स्पूलर नावाचा एक प्रोग्राम असतो. तो माझ्या कॉम्प्युटरवर सकाळपासून मागच्या मागे चालू असतो. समोर काही दिसत नाही, आवाज नाही. तिन्ही टेबलांवरून जे येईल ते तो घेतो, आपल्याजवळ ठेवतो, रांग लावतो आणि प्रिंटरला झेपेल तसं एकेक पुढे देतो. पाठवणाऱ्याला मात्र तेवढ्यात मोकळं करतो, म्हणून त्याला वाटतं काम झालं. लाइट गेली तरी तो रांग विसरत नाही. रांगेतला कागद काढून टाकता येतो, नाहीतर नुसता थांबवूनही ठेवता येतो. थांबवलेला कागद जागच्या जागी उभा राहतो आणि मागचे त्याला ओलांडून निघून जातात. आपण पाठवलेला कागद आपल्याला थांबवता येतो. दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा तर माझ्या कॉम्प्युटरवर यावं लागतं.

हे गिऱ्हाइकांपैकी कुणी कधी ऐकून घेतलं नाही. नीट ऐकलं ते फक्त मधल्या टेबलावरच्या मुलीनं.

ती रामाकोन्याची. वडिलांची संत्र्याची बाग, थोडा कापूस. माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायला आली आणि शिकून झाल्यावर कामालाच राहिली. बोलायची कमी. गिऱ्हाइकानं दुसऱ्यांदा बटण दाबायला बोट उचललं की त्याच्याकडे अशी पाहायची की बोट आपोआप खाली यायचं. मला भांडूनही जे जमत नव्हतं ते तिला नुसत्या पाहण्यानं जमायचं, आणि याचा मला थोडा रागच यायचा.

हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलाकडचे पांढुर्ण्याचे, बाजारात हार्डवेअरचं दुकान. साक्षगंध झालं, कुंकू लागलं, आणि वडील पत्रिकेचा मजकूर घेऊन आमच्याच दुकानात आले. आता दुसरीकडे कुठे जाणार? नागपूरहून कोरी तयार कार्डं येतात, आतला मजकूर आम्ही छापतो. तिनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतःच टाइप केली. ‘दुसऱ्यांच्या लग्नात चुका काढते, आता आपल्या लग्नात करू नको,’ असं मी तिला चिडवलं. ती हसली. नावं दोनदा तपासली, वर गणपती बसवला, सगळ्या कार्डांची प्रिंट एकदम दिली.

आमच्या भागात पहिली पत्रिका जामसावळीच्या मारुतीला जाते. ती जाईपर्यंत सख्ख्या मामालाही कार्ड देत नाहीत, गठ्ठा तसाच बांधलेला असतो. तोवर लग्न ही दोन घरांमधली बोलणी असतात. एकदा देवापुढे पत्रिका ठेवली, नारळ फोडला, की मग मागे फिरणं नाही. तिच्या वडिलांना येत्या शनिवारी जामसावळीला जायचं होतं.

ते रोज बाजाराच्या निमित्तानं यायचे आणि दारातूनच विचारायचे, ‘निघाले का बाई कार्ड?’

‘रांगेत हाय बाबा,’ ती म्हणायची.

ते मान हलवायचे, बाहेर पानठेल्याजवळ उभं राहून पांढुर्ण्याला फोन लावायचे आणि मोठ्यानं सांगायचे, ‘उद्या होते जी. मशीन खराब होऊन राहिली इथली.’ हे मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. भरबाजारात माझ्या मशीनची बदनामी! दिवसभर तीच मशीन मोहगावपासून आलेल्या लोकांचे कागद सटासट काढत होती.

मी माझ्या कॉम्प्युटरवर रांग उघडून पाहिली. सगळ्यात वर तिची फाइल, आणि पुढे लिहिलेलं: थांबवली आहे. बाकीचे कागद तिला ओलांडून जात होते. मला वाटलं, काहीतरी अडकलं असेल. स्पूलर बंद करून पुन्हा चालू केला. फाइल होती तिथेच, होती तशीच. म्हणजे हे कुणीतरी हातानं केलं होतं.

दुपारी गर्दी कमी झाल्यावर मी तिला विचारलं, ‘हे तू थांबवलं?’

‘हो सर.’

‘काहून?’

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. ‘बाबाले मी एकच गोष्ट सांगतली होती. लग्नानंतर मले काम करू देतील का, एवढं त्याईले विचारा म्हटलं. तुमच्याच दुकानात, असं नाही म्हणून राहिली मी. पांढुर्ण्यात कुठंही. बाबा म्हणते, मुलीकडच्याईनं असं विचाराचं नसते.’

‘मग लग्न करायचं नसेल तर काढून टाक ती फाइल. माझी रांग काहून अडवून ठेवली?’

‘रांग कुठं अडली सर? सगळ्याईचे कागद तर निघून राहिले.’ हे खरंच होतं. ‘अन् लग्न करायचंच हाय मले. पोरगा चांगला हाय. फक्त विचारलं पाहिजे.’

मी तिला सुनावलं. हे दुकान आहे, तुमच्या घरची बैठक नाही, वडिलांशी जे काय बोलायचं ते रामाकोन्यात बोल. ती ऐकून घेत होती आणि एकीकडे एका म्हाताऱ्या बाईचा फोटो लहान करत होती. मी माझ्या जागेवर येऊन बसलो. मला फक्त एक क्लिक करायचं होतं. कार्डं भराभर निघाली असती आणि माझं नाव खराब झालं नसतं. माउसवर हात होता. पण मी ते केलं नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही. तिचा राग आला होता आणि तिचं कौतुकही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम वाटायला लागलं की मला काही सुचत नाही.

शनिवारी सकाळी वडील आले ते धुतलेला सदरा घालून, हातात नारळाची पिशवी घेऊन. या वेळी ते तिच्याकडे न जाता माझ्या टेबलाशी आले.

‘भाऊ, सगळे राहू द्या. एकच काढून द्या. देवाले एक पुरते.’

एकाच कार्डानं सगळं पक्कं होणार होतं, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि मधल्या टेबलावर तिलाही. मी सरळ सांगून टाकलं. ‘मशीन चांगली आहे काका. पत्रिका तुमच्या मुलीनं थांबवली आहे. तिला विचारा.’

ते स्टूल ओढून तिच्याजवळ जाऊन बसले. बोरगावचा एक माणूस शेताच्या खसऱ्याची नक्कल घ्यायला उभा होता, तो प्रिंटरकडे पाहायचं सोडून त्या दोघांकडे पाहू लागला.

‘काय करून राहिली बाई तू हे?’ ते हळूच म्हणाले.

‘एक फोन करा बाबा. मी इथंच बसली हावो. तुम्ही विचारा, मी लगेच सोडतो.’

‘विचाराचं काय त्याच्यात.’

‘काहून?’

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘त्याईनं सांगतलं हाय.’

‘काय?’

‘सून बाहेर कामाले जाणार नाही म्हणे. त्याईच्या घरात चालत नाही.’

‘कधी सांगतलं?’

‘तुले पाहाले आले होते, तवाच. आंगणात, जाता जाता.’

बोरगाववाल्याचा कागद निघाला, मी त्याच्या हातात दिला, पण तो हलेना. मग तिनं विचारलं, ‘मंग मले काहून नाही सांगतलं?’

‘तू नाही म्हटलं असतं,’ वडील म्हणाले.

रागानं नाही, ओशाळूनही नाही. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मला फार वाईट वाटलं, आणि गंमत म्हणजे दोघांसाठीही वाटलं. ज्या एका प्रश्नासाठी ती आठवडाभर अडून बसली होती, त्याचं उत्तर घरी रोज तिच्या शेजारी जेवायला बसत होतं. साक्षगंधातही ते होतं, आणि पत्रिकेचा मजकूर घेऊन आलं तेव्हाही.

मला वाटलं, आता ही रडेल आणि पत्रिका सोडून देईल. मुली तसं करतात, निदान माझ्या ओळखीच्या घरांतून तरी तसंच होत आलंय. तिनं ओढणी सारखी केली आणि स्क्रीनकडे वळली.

‘मंग आता नाही म्हणतो,’ ती म्हणाली, आणि फाइल निवडून काढून टाकायचं बटण दाबलं.

एवढी मोठी फाइल लगेच जात नाही. नावापुढे ‘काढत आहे’ असं लिहून येतं आणि ती तशीच अडून राहते. अशा वेळी लोक घाबरून आणखी काहीतरी दाबतात. तिनं काही दाबलं नाही. हात मांडीवर ठेवून पाहत राहिली. वडीलही वाकून पाहू लागले. त्यांना वाचता येत होतं, पण त्या बारीक अक्षरांत नेमकं कुठे पाहायचं ते कळत नव्हतं.

‘गेली का?’ त्यांनी विचारलं.

‘जाऊन राहिली.’

‘वापस येते का?’

‘नाही.’

मला वाटलं, ते तिचा हात धरतील, निदान आवाज चढवतील. माझ्या दुकानात तमाशा नको म्हणून मी अर्धा उठलोही होतो. ते फक्त त्या ओळीकडे पाहत बसले. थोड्या वेळानं ओळ गेली आणि रांग रिकामी झाली. ती म्हणाली, ‘गेली बाबा.’

मग तिनं आपला मोबाइल उचलला. वडिलांनी तो तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. ‘हे तरी मले सांगू दे,’ म्हणाले, आणि खिशातून आपला फोन काढला.

पलीकडून आवाज आला तसे ते स्टुलावरून उठून उभे राहिले. पांढुर्ण्याशी बोलताना पानठेल्याजवळही ते असेच ताठ उभे असायचे. रामराम झाला. मग ते म्हणाले, ‘पत्रिका नाही छापून राहिलो आम्ही.’

पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. ते ऐकत होते, मधूनमधून मान हलवत होते. शेवटी मुलीकडे पाहत त्यांनी सांगितलं, ‘नाही जी. मशीन चांगली हाय.’