जिनाचा ताप

लालीबाईला ताप आला तेव्हा आमच्या कापसाच्या जिनात कोणालाच त्याचे नवल वाटले नाही. दिवाळी झाली, रेचे सुरू झाले, की पहिल्या आठवड्यात निम्म्या बायांना ताप येतच असे. पावसाळाभर त्या शेतात निंदण-खुरपण करीत, मोकळ्या हवेत असत. मग एकदम पत्र्याच्या लांब शेडमध्ये येऊन रेच्यापुढे बसत. रेचा कापसातून सरकी वेगळी करी आणि रुईबरोबर जे बारीक तूस उडे ते नाकातोंडात जाई. संध्याकाळी अंग तापे, थंडी वाजे, डोके जड होई. काम तसेच चालू ठेवले की दोन-तीन दिवसांत ताप आपोआप जाई आणि हंगाम संपेपर्यंत पुन्हा येत नसे. याला पुसदमध्ये जिनाचा ताप म्हणत.

त्याच्यावर औषध एकच, गूळ. मालकांच्या वडिलांपासूनची पद्धत होती की सुरुवातीचे काही दिवस सकाळी गेटवर प्रत्येक बाईच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. दुसरा नियम बायांनीच आपापसांत केलेला होता. ताप आला म्हणून घरी बसायचे नाही. घरी बसलेली बाई परत आली की तिचा ताप पहिल्यापासून सुरू होतो, असा सगळ्यांचा अनुभव होता. तो अनुभव खोटा नव्हता, हीच त्यातली वाईट गोष्ट.

लालीबाई ही बंजारा बाई, पन्नाशीला टेकलेली. तिचा तांडा पुसदपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी. नवरा वारल्यावर ती जिनात आली आणि शेडच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या रेच्यावर बसली, ती तिथलीच झाली. जिनाच्या भिंतीमागे कुडाच्या खोल्या होत्या, त्यांतल्या एकीत ती राही. घेरदार फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, रेच्याच्या पट्ट्यात अडकू नये म्हणून ती दोन्ही बाजूंनी खोचून घेई आणि ओढणी नाकावरून घट्ट बांधी. नव्या पोरींना ती रेच्यात कापूस कसा सोडायचा ते शिकवी. तापाने कण्हणारी एखादी पोर भिंतीला टेकली तर हाताला धरून उठवी.

"ऊठ व. झोपलीस का तो अंगात घर करते. त्याले बसाले जागाच देऊ नको."

आणि पोर उठे. दोन दिवसांनी बरी होई. त्यामुळे तापाच्या बाबतीत लालीबाईचा शब्द डॉक्टरपेक्षा मोठा होता.

मी सांगतो तो अठ्ठावन्न सालचा हंगाम. मी त्या जिनात हिशेबनीस होतो. लालीबाईचा मुलगा लालसिंग सागवान तोडण्याच्या ठेक्यावर दूर जंगलात गेला होता, तो होळीशिवाय येणार नव्हता. सून रुपीबाई आणि तिचे चार महिन्यांचे मूल लालीबाईजवळ होते. लालीबाईने त्या वर्षी मनाशी एक ठरवले होते आणि ते मुकादमाला सांगूनही टाकले होते. हा तिचा शेवटचा हंगाम. पुढल्या वर्षापासून तिचा रेचा रुपीला.

हे सोपे नव्हते. जिनाचा रिवाज असा, की ज्या बाईने हंगाम पुरा केला तिचा रेचा पुढल्या वर्षी तिचा, किंवा ती सांगेल त्या घरच्या माणसाचा. आजारपणात घरचेच माणूस बदली बसलेले चाले. पण रेचा मध्ये रिकामा पडला, की गेटबाहेर उभ्या असलेल्या बायांपैकी पुढची आत येई आणि तो तिचा होई. गेटबाहेर बाया रोज उभ्या असत. रेचा मिळालेल्या घराला वर्षाची ज्वारी मिळाली असे समजत.

आठवडा झाला. इतर बायांचे ताप उतरले. लालीबाईचा उतरला नाही. रोज दिवस कलला की तिचे डोळे लाल होत आणि ती खोकू लागे. शेजारच्या रेच्यावर कोकिळा नावाची कुणबी बाई बसे, तिला थट्टा केल्याशिवाय घास गोड लागत नसे.

"काय व लालीबाई, इतक्या वर्साचा संसार, तरी रेचा तुले नवी नवरीच समजून राह्यला."

"समजू दे. तुले तं तो पायतबी नाही," लालीबाई म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला तो लवकर थांबेना.

मुकादम पुंडलिकराव माणूस भला होता. त्याने तिला गुळाचा दुसरा खडा दिला. पुढे तिला खोकल्याने बसवेना, तेव्हा तो म्हणाला, "रुपीले बसव दोन दिवस. मी पायतो."

रुपी बसली. लालीबाई खोलीत मूल घेऊन पडून राहिली. पहिल्याच संध्याकाळी रुपीला सडकून ताप भरला, ओकारी झाली, रात्रभर तिचे दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी ती गूळ खाऊन रेच्यावर गेली. तिसऱ्या दिवशी तिचा ताप गेला.

झाले, सगळ्यांची खात्री पटली. सासूला जो ताप तोच सुनेला, असे ठरून गेले. सुनेचा काम केल्याने गेला आणि सासू खोलीत पडून राहिली म्हणून तिचा राहिला.

"सून चांगली निंगाली," कोकिळा म्हणाली. "सासूच कामचुकार दिसते."

हे तिने हसत म्हटले, पण लालीबाईला ते लागले. वर्षानुवर्षे जे ती दुसऱ्यांना सांगत आली होती, तेच कोणीतरी तिला सांगत होते. दुसऱ्या सकाळी ती ओढणी बांधून रेच्यावर हजर झाली.

"याडी, आज राहू दे," रुपी गेटपर्यंत तिच्या मागे आली. याडी म्हणजे आई. सासूला ती तसेच म्हणे.

"घरी जा. लेकरू रडून राह्यलं," लालीबाई म्हणाली.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. पुढच्या बाजाराच्या दिवशी जीन बंद होते, तेव्हा मी तिला तिकडे घेऊन गेलो. ती यायला तयार नव्हती. जिनाच्या तापाला डॉक्टर काय करणार, हा तिचा प्रश्न. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. थुंकी तपासायला घेतली. ती तपासून आल्यावर त्यांनी सांगितले, हा जिनाचा ताप नाही, हा क्षय आहे. इंजेक्शने घ्यावी लागतील. धुळीत जायचे नाही, काही महिने पूर्ण आराम करायचा. घरात लहान मूल आहे का? मग त्याच्यापासून दूर राहायचे, त्याला जवळ घ्यायचे नाही.

लालीबाईने सगळे नीट ऐकून घेतले. मग विचारले, "डाक्टरसाहेब, आमचं काम बसूनच हाय. रेच्यापाशी बसल्या बसल्या आराम केला तं चालन का?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले.

परत येताना मी तिला म्हटले, "लालीबाई, तू तांड्यावर जाऊन राहा. रुपी रेच्यावर बसेल, इंजेक्शनांचे मी पाहतो."

"अन् लेकरू कोण पायीन? अंगावरचं हाय ते. या थंडीत झाडाले टांगू का?"

"मग इथेच खोलीत राहा."

"खोलीत राह्यली तं लेकरू माह्याच मांडीवर राहीन. अन् डाक्टर म्हंते, त्याले जवळ घेऊ नको." आम्ही बाजारातून चाललो होतो, तिला दोनदा थांबून दम घ्यावा लागला. "त्याच्यापाशी राहण्यापरीस मी रेच्यापाशी बरी, बाबूजी. दिवसभर तरी त्याच्यापासून दूर राहीन."

मूल वाचावे म्हणून डॉक्टरांनी जे सांगितले होते, त्यानेच तिला पुन्हा जिनात पाठवले. मी त्यावर खूप विचार केला. तिच्या हिशेबात मला चूक सापडेना.

मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते शांतपणे बोलणारे गृहस्थ होते. मी म्हटले, हिचा रेचा राखून ठेवा, बदली दुसरी बाई बसवा आणि पुढल्या वर्षी तो हिच्या सुनेला द्या.

"एकीला राखला की दहा जणी येतील," ते म्हणाले. "कामगार विमा हंगामी कारखान्याला लागू नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि मी काही तिला ये म्हटलेले नाही, जा म्हटलेले नाही. रेचा रिकामा नको, एवढेच माझे म्हणणे आहे."

पुंडलिकराव बाहेर उभा होता. मी काही सांगण्याआधीच त्याला कळले.

"मले माहीतच होतं," तो म्हणाला. "मी काय करू, बाबूजी? मी रेचा धरून ठेवला तं गेटवरच्या बाया माह्या घरी येऊन बसतीन. त्याहीची पोरं काय उपाशी नाहीत?"

त्याचेही खोटे नव्हते.

थंडीचे दिवस तसेच गेले. बाजाराच्या दिवशी लालीबाई इंजेक्शन घेई, बाकी दिवस रेच्यावर बसे. इंजेक्शन रोज घ्यायचे होते. पण दवाखाना उघडे तेव्हा जीन चालू असे आणि दवाखाना बंद झाल्यावर जिनाचा भोंगा होई. रात्री ती खोलीबाहेर पडवीत निजे, म्हणजे मूल आत राही. पुंडलिकरावाने तिच्यासाठी एक केले. कापूस वाहून आणणाऱ्या माणसाला त्याने सांगितले की कोपऱ्यातला ढीग थोडा जवळ आणून टाकत जा, म्हणजे तिला वाकावे लागणार नाही. कोकिळाने थट्टा सोडून दिली होती. ती मधूनमधून आपला हात लांब करून लालीबाईच्या रेच्यात कापूस टाकी.

फाल्गुन लागला. हंगाम संपत आला होता. गाड्या कमी येऊ लागल्या, उन्हे तापली. एके दिवशी दुपारी लालीबाई बसल्या जागी कलंडली आणि कापसाच्या ढिगावर पडली. तिच्या ओढणीवर रक्त होते. रेचा रिकामा फिरत राहिला. पुंडलिकराव धावला, कोकिळा धावली. तिला उचलून बाहेर लिंबाखाली आणले. रुपी मूल काखेत घेऊन पळत आली.

लालीबाईला शुद्ध आली तेव्हा तिने पहिल्यांदा रुपीकडे पाहिले. "तू इथं काय करून राह्यली? तिकडं कोण बसलं?"

"कोणी नाही, याडी."

"मंग जा न. बस जाऊन."

"अन् तुले असं सोडू?"

"मले पायाले हे सारे हायत. रेच्याले कोण हाय?"

रुपी उभीच राहिली. कोकिळाने तिच्या काखेतून मूल काढून घेतले आणि तिला शेडकडे ढकलले. उन्हे चांगली लागली होती, लिंबाला लुगड्याची झोळी बांधता येत होती. कोकिळाने ती बांधली आणि जी बाई पाणी प्यायला येईल तिने एक झोका द्यायचा, असे ठरवले.

धावजी नावाचा लालीबाईच्या तांड्याचा गाडीवान त्या दिवशी कापूस घेऊन आला होता. त्याची गाडी रिकामी परत जाणार होती. गाडीत तुराट्यांवर गोणपाट टाकून लालीबाईला निजवले. मी तिला दवाखान्यात ठेवावे म्हणत होतो. डॉक्टरांनी येऊन पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले की आता तिला तिच्या माणसांत जाऊ द्या. लालसिंगाला निरोप धाडला होता, पण जंगलात ठेक्याचा मुक्काम कुठे हलला होता ते कोणाला ठाऊक नव्हते.

गाडी गेटबाहेर निघाली तेव्हा रुपी रेच्यावर होती. तिला बाहेर यायला पुंडलिकराव सांगत होता. ती मान वर न करता कापूस सोडत राहिली. लालीबाईनेच तसे बजावले होते.

पुढच्या बाजाराला धावजी पुन्हा आला. या वेळी गाडीत कापूस थोडाच होता. त्याने गाडी आत घेतली नाही, गेटबाहेरच बैल सोडले आणि पुंडलिकरावाला बोलावले. लालीबाई पहाटे गेली होती. तांड्याचे लोक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाट पाहणार होते, सून आली तर.

कापूस उरकायचा म्हणून त्या बाजाराला जीन बंद ठेवले नव्हते. पुंडलिकराव शेडमध्ये गेला. रेच्यांच्या आवाजात त्याला ओरडून बोलता येईना, म्हणून तो रुपीच्या कानाशी वाकला. रुपीचे हात थांबले. रेचा थोडा वेळ रिकामा फिरला.

"जा तू, पोरी," पुंडलिकराव म्हणाला. "धावजीची गाडी उभी हाय. मी पायतो इथचं."

रुपीने शेडच्या दारातून बाहेर पाहिले. गेटबाहेर बाया उभ्या होत्या. धावजीने काय बातमी आणली ते त्यांनाही कळले होते, आणि त्यांतली सगळ्यांत पुढची बाई आपला पदर खोचत होती. तिच्याकडे रागाने पाहावे असे काही नव्हते. तीही कोणाची तरी सासू किंवा सून होती.

"तुमी काय पायसान, मुकादमभाऊ," रुपी म्हणाली.

तिने ओढणी नाकावरून घट्ट बांधली, ढिगातून ओंजळभर कापूस उचलला आणि रेच्यात सोडला. धावजी उन्हे कलेपर्यंत थांबला. मग त्याने बैल जुंपले.