आईला गाडी लागते

माझ्या आईला गाडी लागते. लहानपणापासून आम्ही हे तिच्या उंचीसारखं किंवा रंगासारखं धरून चाललो. एस.टी.त पाय ठेवला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी चघळून झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून पोटावर वर्तमानपत्र बांधून झालं. काही उपयोग झाला नाही. आमच्या पेडगावहून परभणीचा दवाखाना एवढंच तिचं जग. तेही अगदी नाइलाज असला तर, आणि मग घरी येऊन ती दिवसभर पडून राहायची. लग्नं, बारशी, मयती, सगळीकडे आधी वडील आणि ते गेल्यावर माझा भाऊ जायचा.

तिची थोरली बहीण, माझी मावशी, जिंतूरच्या पलीकडे येलदरीवरून पुढे सेनगावच्या बाजूला एका गावात दिलेली. दोघी वर्षानुवर्षं भेटल्या नव्हत्या, पण फोन होता. दर आठवड्याला आई ओसरीवर बसून मावशीशी बोलायची. पाऊसपाणी, सुना, गुडघे. मग मावशीचे कान गेले. श्रवणयंत्र आणलं, पण ते शिट्टी मारतं म्हणून तिनं ते काढून डब्यात ठेवलं. त्यानंतर फोन वहिनी, म्हणजे मावशीची सून घ्यायची आणि आईचं बोलणं मावशीच्या कानाशी ओरडून सांगायची. चार-सहा वेळा असं झाल्यावर आईनं फोन करणंच सोडलं.

"तिसऱ्याच्या तोंडून काय बोलावं माणसानं," ती म्हणाली. "जेवलीस का, बरी हाय का, झालं. त्याला काय बोलणं म्हनतेत?"

त्याच सुमाराला आम्ही बॅटरीवरची गाडी घेतली. त्याचा आईशी काही संबंध नव्हता. मी परभणीत राहते आणि जिंतूरच्या एका शाळेत गणित शिकवते. रोजचं जाणं-येणं मिळून नव्वद किलोमीटरच्या आत. घेताना दोन बॅटऱ्यांचे पर्याय होते, लहान आणि मोठी. नवऱ्याला मोठी हवी होती. त्यानं महिनाभर मोबाइलवर तेच पाहिलं होतं. मोटरची ताकद, जमिनीपासूनची उंची, किती खोल पाण्यातून गाडी जाते, वळणाला किती जागा लागते. मी माझा हिशेब मांडला. कंपनी कागदावर तीनशेच्या वर सांगते, म्हणजे आपल्या रस्त्यावर, आपल्या उन्हात, ए.सी. लावून दोनशे धरायचे. माझी रोजची ये-जा करून निम्म्याहून जास्त चार्ज उरतो. रात्री घरी लावली की सकाळी भरलेली. मोठी बॅटरी घेऊन उगाच वजन कशाला ओढायचं? जमिनीपासूनची उंची मात्र आम्ही दोघांनीही पाहिली. पेडगावात भावाच्या शेतातल्या आखाड्याकडे, गोठ्याकडे जाणारी काळ्या मातीची वाट पावसाळ्यात कशी होते, ते आम्हाला माहीत होतं.

गाडी घेऊन पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा आईनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग मागे वाकून हुंगून पाहिलं.

"धूर कुठून येतोय हिचा?"

"धूरच नाही हिला," नवरा म्हणाला. "डिझेल नाही, पेट्रोल नाही. फोनसारखी चार्ज करायची."

पुढच्या खेपेला आम्ही निघताना ती दाराशी आली. "मला डिझेलच्या वासानं मळमळतं," ती म्हणाली. "तुझ्या ह्या बिनवासाच्या गाडीत बसून बघू का? जमलं तर अक्काकडं जाता येईल."

आईनं स्वतःहून गाडीत बसायचं नाव काढल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

आम्ही तिला पुढं बसवून परभणीच्या रस्त्याला लागलो. नवरा चालवत होता. शहर यायच्या आधीच आईनं हात वर केला. गाडी बाजूला घेतली आणि ती रस्त्याच्या कडेला बसून उलटी करू लागली. नवरा पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा राहिला. त्याचा चेहरा आईहून जास्त उतरला होता.

"वास नव्हता," आई तोंड धुऊन म्हणाली. "वासाचं काही न्हाई. पर ही सारखी अडखळायलीय. पुढं ढकलतीय, मागं ओढतीय."

मला ते पटेना. इतकी गुळगुळीत गाडी, ना गिअरचा धक्का, ना इंजिनाची थरथर. पण आईचं बोलणं डोक्यातून जाईना. एका रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, तू चालव, मी मागे डोळे मिटून बसते. पिंगळीपर्यंत गेलो आणि परत येईपर्यंत मलाच मळमळू लागलं.

कारण साधं होतं. ह्या गाड्यांत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटं काम करते. चाकांना अडवते आणि त्यातून थोडी वीज परत बॅटरीत भरते. ही अडवणूक किती जोरात व्हावी हे ठरवता येतं. नवऱ्यानं ती सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली होती. ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता नुसत्या एका पायानं गाडी चालवायची आणि बॅटरी वाचवायची ह्याची त्याला गंमत वाटायची. चालवणाऱ्याला काही होत नाही, त्याला पुढचं माहीत असतं. शेजारच्याला मात्र दर थोड्या वेळानं पुढं झुकावं लागतं.

"शून्यावर ठेव," मी म्हणाले.

"मग रेंज कमी होईल."

"होऊ दे."

"आईंना नेताना तूच चालव," तो म्हणाला. " माझा पाय आता ऐकायचा नाही."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी पेडगावला जायचे आणि आईला घेऊन फिरायचे. आधी गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत. मग आणखी पुढे. अडवणूक शून्यावर, वेग बैलगाडीहून थोडा बरा, ए.सी. चालू आणि तिच्या बाजूची काच बोटभर खाली, कारण बंद काचेनं तिला कोंडल्यासारखं व्हायचं. खड्डा दिसला की मी दुरूनच पायाचा दाब कमी करायचे. मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न देऊन पुढे जायचे. आई समोर नजर लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची, परीक्षेला बसल्यासारखी. एकदा परभणीत जाऊन, रसवंतीवर थांबून, परत घरी आलो तरी काही झालं नाही. त्या संध्याकाळी तिनं स्वतः स्वयंपाक केला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मावशीकडे निघालो. मी, नवरा आणि आई. आदल्या रात्री वीज गेली होती म्हणून गाडी पूर्ण भरली नव्हती, पण जिंतूरला जलद चार्जर होता. जाताना तिथे थांबू, चहा पिऊ आणि संध्याकाळी परत येऊ असा बेत होता. जिंतूरला पोचलो तर चार्जरवर 'बंद आहे' असा पुठ्ठा लावलेला. तो रोज माझ्या वाटेवर असतो, पण मला कधी लागत नाही म्हणून मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

"परत फिरायचं का?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

मी आकडा पाहिला. मावशीचं गाव गाठता येत होतं. तिथून परभणी गाठता आली नसती.

"गाठीला हाय तेवढ्यात जाता येतं न्हवं?" आईनं विचारलं. "मग चला. यायचं येताना बघू."

जिंतूर सोडलं की येलदरीच्या बाजूला डोंगर लागतात. वळणं लागली तसा आईनं पदर तोंडाशी धरला. मी शक्य तितकं हळू घेतलं, पण वळण ते वळण. तिला उलटी झाली, आणि या वेळी गाडी थांबवायलाही वेळ मिळाला नाही. लुगडं खराब झालं. आम्ही सावली बघून थांबलो, जमेल तेवढं पुसलं. मी म्हणाले, "आई, परत जायचं असेल तर सांग."

"आता झाली ती झाली," ती म्हणाली आणि डोळे मिटून मागे टेकली. धरणाजवळून गेलो तेव्हाही तिनं डोळे उघडले नाहीत.

मावशी अंगणात लिंबाखाली तूर निवडत बसली होती. तिनं मान वर केली, आईकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"कोन गेलं?" तिनं विचारलं.

तिला वाटलं, कुणी गेल्याशिवाय बहीण इथवर यायची नाही. आईनं जवळ जाऊन तिच्या कानाशी तोंड नेलं. "कोनी गेलं न्हाई गं. मीच आले."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचं लक्ष लुगड्याकडे गेलं. वास आला असावा. तिनं आईच्या थंडगार हाताला हात लावला, कपाळाला लावला. "तुला खरंच लागती की गं गाडी," ती म्हणाली.

तिच्या आवाजात एवढं नवल का होतं ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर वहिनीनं स्वयंपाकघरात सांगितलं. मावशीच्या मुलीच्या लग्नाला आई आली नव्हती. त्या काळात दोन्ही घरच्या पुरुषांत काहीतरी कुरबूर होती. गाडी लागते हा बहाणा आहे, माझ्या वडिलांनी येऊ दिलं नाही किंवा तिलाच यायचं नव्हतं, असं मावशीनं मनात धरलं होतं. फोनवर इतकी वर्षं बोलली, पण हे कधी काढलं नाही. मी विचार केला तेव्हा लक्षात आलं, मावशीनं आईला गाडीत बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. ती सासरी गेली ती बैलगाडीतून. तेव्हा आई लहान होती आणि गावात एस.टी. येत नव्हती.

मावशीनं आईला मोरीत नेलं, स्वतः पाणी ओतून आंघोळ घातली, आपलं लुगडं नेसायला दिलं. खराब झालेलं लुगडं वहिनी मागत होती, ते दिलं नाही. दगडावर बसून तिनंच धुतलं.

बाहेर आमची वेगळीच पंचाईत चालली होती. मावसभावानं फ्रीजच्या प्लगमध्ये गाडीबरोबरचा चार्जर लावला तर लाल दिवा. दुसऱ्या खोलीत लावला, तरी लाल. गाडी वीज घेईना. घराला अर्थिंगच नव्हतं. तार भिंतीपर्यंत येऊन तुटलेली होती. पंखा, टीव्ही, फ्रीज ह्यांनी आजवर कधी तक्रार केली नव्हती. ही गाडी मात्र त्याशिवाय चार्जच होत नाही. गावातला वायरमन दुपारी आला. मोरीचं पाणी जिथं मुरतं तिथं जमीन कायम ओली होती. तिथं त्यानं आणि नवऱ्यानं मिळून लोखंडी सळई ठोकली, मीठ-पाणी ओतलं, नवी तार ओढली. हिरवा दिवा लागला तोवर उन्हं कलली होती, आणि घरच्या प्लगवर गाडी भरायला सगळी रात्र लागणार होती.

"आज राहावं लागतंय," मी आईला सांगायला गेले.

दोघी बाजेवर बसल्या होत्या. आईनं मान डोलावली, मावशीच्या कानात ओरडून सांगितलं, आणि मावशी म्हणाली, "गाडीला म्हनावं सावकास घे."

त्या संध्याकाळी त्या खूप बोलल्या. खरं तर आई ओरडायची आणि मावशी बोलायची. शेजारपाजाऱ्यांनाही सगळं ऐकू जात असणार. लग्नाची गोष्ट मावशीनंच काढली.

"मी तुझ्यावर राग धरला व्हता."

"मला ठावं व्हतं," आई म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"फोनवर काय उलटी करून दाखवू?"

मावशी हसली. मग पदरानं डोळे पुसले, आणि तोच पदर आईच्या तोंडावरून फिरवला, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा.

सकाळी गाडी भरली होती. आम्ही चहा घेऊन निघायच्या तयारीत होतो. आई पुढं बसली. मावशीनं गाडीला चक्कर मारली, मागचं दार उघडून दाखवायला सांगितलं आणि आत बसली. आम्हाला वाटलं, बघतेय. ती उतरेना.

"मला बी येऊ द्या चार दिवस," ती म्हणाली. मावसभाऊ काही बोलायच्या आत तिनं सुनेला हाक मारली. "माझी पिशवी आन. आन त्यो कानाचा डबा बी आन."

वहिनी घरात पळाली. नवऱ्यानं पुढे होऊन आईला मागे, बहिणीशेजारी बसायला सुचवलं. पुढे बसलं की कमी लागते हे आईला माहीत होतं. तरी ती उतरून मागे गेली.

डोंगराच्या वळणांवर मी आरशात पाहत होते. आईचा चेहरा पुन्हा पांढरा पडत चालला होता. मावशीनं तिचं डोकं खांद्यावर घेतलं होतं आणि दुसऱ्या हातानं प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरली होती. "हळू हाक गं," ती मला सांगत होती, मी हळूच चालवत होते तरी. धरण दिसू लागलं तेव्हा आई म्हणाली, थोडं थांब.

थांबलो. पिशवीची गरज पडली नाही. दोघी खाली उतरल्या आणि कडेला उभ्या राहिल्या. उन्हाळा असूनही पाणी बरंच होतं. आईनं हे धरण आजवर पाहिलं नव्हतं.

"एवढं पानी हाय व्हय इथं," ती म्हणाली. मावशीला ऐकू आलं नाही, पण तिनं हो म्हटलं.