पाहुणे आले की मोबाईल

संशोधनासाठी पैसे मागायची मला कधीच लाज वाटली नाही. गुलबर्ग्याच्या कॉलेजात मी बालविकास शिकवते. मोबाईलमुळे लहान मुलांच्या बोलण्यावर काय परिणाम होतो, हे खेड्यांत फिरून बघायला एका संस्थेने मला वर्षभर पैसे दिले होते. पुढचं वर्ष द्यायचं की नाही, ते ठरवायला त्यांचे एक साहेब आले. निवृत्तीला टेकलेले, तोलून बोलणारे. त्यांना घेऊन मी संतपूरला निघाले.

"तुमच्या नोंदींत जवळपास प्रत्येक घरी मूल मोबाईलच बघतंय," ते जीपमध्ये म्हणाले. "मोबाईलनं पोरं मुकी होतात, हे मी माझ्याच घरात बघतो. आणखी पैसे कशाला?"

"आधी एक घर बघू, सर."

महिनाभर एक शंका मला छळत होती. ती मी मुद्दाम सांगितली नाही. सांगितलेली शंका माणूस फाईलला लावतो, डोळ्यांनी बघितलेली विसरत नाही.

घर एका शेतकऱ्याचं. आम्ही आत जाताच त्याच्या बायकोने सतरंजी अंथरली, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं आणि कपाटावरचा मोबाईल काढून दोन वर्षांच्या लेकीच्या हातात दिला. पाहुणचारात आमच्याकडे काही सुटत नाही. पोरगी कार्टूनमध्ये बुडाली. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की घ्या, झालं सिद्ध.

"मोबाईल कामून दिलास गं?" मी विचारलं.

"तुमी आलाव म्हणून की, अक्का. ही मदीमदी बोलायलीय, पाहुण्यांला बोलू देत न्हाई. न्हाईतर फोन वरच असतोय."

"बरं. चहा होईपर्यंत आम्ही शेजारी जाऊन येतो."

शेजारी कुठले! साहेबांना मी खिडकीखाली उभं केलं. चोरून ऐकणं वाईटच, पण मला त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही. आत कार्टून बंद झालं, मोबाईल कपाटावर गेला आणि पोरगी सुरू झाली. "आई, नीरु दे. बिल्ली आली. आई, बिल्लीला बी नीरु दे." पाणी कानडी, मांजर दखनी, बाकी मराठी, आणि आईचं प्रत्येकाला उत्तर. साहेब भिंतीला टेकून ऐकत राहिले.

"म्हणजे वर्षभर तुम्ही..."

"आम्ही गेल्यामुळे जे होतं, तेच लिहीत आलो. आता पैसे हवेत ते गावातल्याच बायकांना नोंदी घेण्यासाठी तयार करायला. ज्यांच्यासाठी कुणी सतरंजी अंथरत नाही, अशा. नाही दिलेत तर हीच चुकीची नोंद खरी म्हणून राहील, आणि या पोरी मुक्या ठरतील."

हे जरा चढ्या आवाजात बोलले मी. चहा प्यायलो, निघालो. वाटेतलं भालकी मागे पडलं.

"देऊ पैसे," ते एकदम म्हणाले. मला आनंद लपवता आला नाही. पण ते खिडकीबाहेरच बघत होते.

"मी ऑफिसातून आलो की सूनबाई नातीच्या हातात मोबाईल देते. बाबा दमून आलेत म्हणून. आणि मी सगळ्यांना सांगत फिरतो, आमची पोर अजून बोलत नाही."