मडगार्डवरचा पांढरा पट्टा

पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा एक माणूस माझ्या रोजच्या ओळखीचा होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट, हायवेवर कंपन्यांचे टँकर वाढले होते. काम सुटलं की तो पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन नाक्यावर उभा राहायचा आणि दिसेल ती सायकल अडवायचा.

"थांब जरा. मागं काय हाय तुझ्या?"

उत्तराची वाट न बघता उकिडवा बसून तो मागच्या मडगार्डवर पट्टा ओढायचा. ब्रश टेकवताना श्वास रोखायचा, मूर्तीपुढे रोखायचा तसाच. एखाद्या बाईने कुरकुर केली तर म्हणायचा, "काळोखात डायवरला तू दिसाय नको काय गो?" माझ्या नव्याकोऱ्या सायकलला त्याने न विचारता रंग फासला, तेव्हा मी चिडलो. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

एका पावसाळी संध्याकाळी लावणीवरून सायकलने परतणाऱ्या शेतकऱ्याला टँकरने मागून उडवलं. आम्ही त्याला जीपमध्ये घातलं, पण तो वाटेतच गेला. आम्ही परतलो तेव्हा डोळे आखणारा मात्र रस्त्यात पडलेल्या त्या सायकलपाशीच बसून होता. शर्टाच्या टोकाने त्याने मडगार्ड पुसलं. चिखलाखालून त्याचाच पट्टा निघाला, जसाच्या तसा.

"रंग हाय," तो म्हणाला. "दिसला नाय."

दुसऱ्या दिवशी तो नाक्यावर होताच. रंगाचा डबा नव्हता. पायाशी पाण्याची बादली होती आणि हातात ओलं फडकं. त्याने अडवायच्या आधीच मी सायकलवरून उतरलो.